निरोगी माणसाचं रक्त

रोगी बरे होऊ लागले तेव्हा प्रयोगशाळेत सगळे खूश झाले. खूश नव्हती ती एकटी धाकटी.

धाकटी म्हणजे दोघी बहिणींतली लहान. घरचं हे नाव प्रयोगशाळेतही तिला चिकटलं, कारण तिथले प्रमुख तिचे भावोजीच होते. कामावर ती त्यांना सर म्हणे आणि ताईच्या घराचा उंबरा ओलांडला की भावोजी. वशिल्याची म्हणून आधी लोकांनी नाकं मुरडली होती. पण चिप ओतण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, तेव्हा ती कुजबुज आपोआप विरली.

चिप म्हणजे नखाएवढा पारदर्शक रबरी तुकडा. त्याच्या पोटात केसाहून बारीक वाट कोरलेली. रक्तातल्या जिवंत पांढऱ्या पेशी त्या वाटेने दाबाने सोडायच्या आणि अरुंद जागेतून जाताना त्या किती दबतात ते वेगवान कॅमेऱ्याने टिपायचं, हे त्यांचं काम. घट्ट पेशी गोल राहते, मऊ पेशी ओघळत्या थेंबासारखी लांबते. ते तपासत होते त्या रक्ताच्या कर्करोगात पेशी मऊ पडत. औषध लागू पडलं की हळूहळू पुन्हा घट्ट होत.

चिपा हाताने ओतलेल्या, त्यामुळे एकीची वाट दुसरीहून किंचित निराळी. म्हणून दर वेळी आधी निरोगी माणसाचं रक्त सोडायचं, मग रोग्याचं, आणि दोघांतला फरक मोजायचा. फरक मोठा तर रोग जोरात. निरोगी रक्त द्यायला सुरुवातीला सगळ्यांनी हौसेने बाह्या सरसावल्या. मग कुणाला सर्दी झाली, कुणाला सुई बघूनच घेरी आली, आणि शेवटी उरले एकटे सर. सायकलवर चढण चढून येणारा, उभ्या जन्मात गोळी न घेतलेला माणूस. पाठीमागे सगळे त्यांना पोलादसाहेबच म्हणत. त्यांच्या रक्तापेक्षा निरोगी रक्त कुठलं आणायचं?

तर, रोगी बरे होत होते. आठवड्यामागून आठवडे फरक घटत चालला होता. शेजारच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई आधी या आकड्यांकडे ढुंकूनही बघत नसत. आता औषध वाढवायचं की कमी करायचं हे ठरवताना त्या फोन करून आकडा विचारू लागल्या. सर हवेत होते.

धाकटीला खटकली ती एक म्हातारी. तिने उपचारांना साफ नकार दिला होता. मुलांच्या आग्रहाखातर फक्त रक्त द्यायला यायची. तिचाही फरक घटला होता.

औषध न घेताच बरी होते?

धाकटीने आधी स्वतःच्याच कामावर संशय घेतला. नवा साचा काढला, नव्या चिपा ओतल्या. तपासणीसाठी जेलच्या बारीक गोळ्या असतात, त्यांचा मऊपणा पक्का ठाऊक असतो. त्या सोडून पाहिल्या. जशा दबायला हव्यात तशाच दबल्या. यंत्राचा दोष नव्हता. मग तिने आकडे बाजूला सारले आणि नुसती चित्रं लावून बसली. म्हातारीच्या पेशी होत्या तशाच होत्या, लांबोडक्या. इतर रोग्यांच्याही बऱ्याचशा तशाच. बदलल्या होत्या त्या सरांच्या. जुन्या चित्रांत त्या टपोऱ्या, गोल दिसत होत्या. अलीकडच्या चित्रांत एकेक पेशी थेंबासारखी ताणून सरकत होती. अंतर घटलं होतं खरं, पण रोगी वर चढून आले नव्हते. निरोगी माणूसच खाली उतरला होता.

तिने नर्सला बोलावून स्वतःचं रक्त काढून घेतलं आणि त्याच चिपमधून सोडलं. पडद्यावर गोल पेशी एकामागून एक निघून गेल्या.

दुपारी ती सरांच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. सगळं सांगितलं. ऐकून ते हसले.

"शिंप्याची टेप सैल झाली म्हणतेस. म्हणून सगळ्यांच्या कमरा बारीक दिसतात."

"सर, आज तपासणी करून घ्या. साधी रक्ताची तपासणी. आजच."

"मला काय धाड भरलीय?"

"भावोजी," ती म्हणाली. कामावर हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. "तुम्ही चढणीवर सायकल हातात धरून येता हल्ली. मी खिडकीतून बघते."

त्यांचं हसू मावळलं. पेपरवेट उचलून त्यांनी उगाच जागा बदलली. "तुझ्या ताईला एवढ्यात काही बोलायचं नाही. आणि आकड्यांचंही. आधी मी खात्री करतो, मग बघू."

"आकडे आजच मागे घ्यायला हवेत. डॉक्टर त्यावर औषधं ठरवतायत."

"मी सांगितलं ना, बघू म्हणून!" त्यांचा आवाज चढला. आजवर तो तिच्यावर कधी चढला नव्हता. "इतक्या वर्षांच्या मेहनतीवर एका दुपारीत बोळा फिरवायचा?"

ती बाहेर आली. जिना उतरून तडक इस्पितळाकडे निघाली.

डॉक्टरीणबाईंना तिने सगळं सांगितलं. बोलणं संपल्यावर त्या खुर्चीत मागे रेलल्या. "तो बसचा ड्रायव्हर," त्या पुटपुटल्या. "तुमचा आकडा बघूनच त्याचं औषध थांबवलं मी. इतर तपासण्या काठावर होत्या. तुमचा आकडा इतका छान, की मीही पाघळले."

त्यांनी तिच्यासमोरच फोन लावला. ड्रायव्हरच्या बायकोने उचलला. ते लांबच्या फेरीवर गेलेत, म्हणाली. अंगात जरा कणकण होती, पण डॉक्टर, तुम्हीच बरं झालं म्हणालात, म्हणून मीच म्हटलं, जा. धाकटीच्या खुर्चीपर्यंत ऐकू येईल इतका आनंद होता तिच्या आवाजात.

त्याला वाटेतूनच परत बोलावलं. तो आला तेव्हा ताप डोक्यात गेला होता. उपचार पुन्हा सुरू झाले. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "उशीर झालाय. किती झालाय, ते सांगता येत नाही."

सरांनी तपासणी करून घेतली, पण दुसऱ्या शहरात, कुणाला न सांगता. ती बातमी घरी त्यांच्या तोंडून आली नाही. ते न्हाणीघरात कोसळले तेव्हा आली. रोग तोच होता आणि बराच मुरलेला होता.

आता प्रयोगशाळेत निरोगी रक्त वेगवेगळ्या माणसांकडून घेतलं जाऊ लागलं, आणि सरांचं रक्त दुसऱ्या बाजूने येऊ लागलं, रोग्यांच्या नळ्यांबरोबर. जुने सगळे आकडे धाकटीने स्वतःच्या सहीने मागे घेतले. त्याबद्दल सरांनी तिला बोल लावला नाही. ते तिच्याशी बोलतच नव्हते.

एकदा वॉर्डबाहेरच्या बाकावर ताईने तिला शेजारी बसवून घेतलं. ताई रडून रडून कोरडी झाली होती.

"खरं सांग," ती म्हणाली. "तुझ्या त्या यंत्रात हे पहिल्यांदा कधी दिसलं?"

धाकटीने थाप मारायचा विचार केला. मग तो सोडून दिला. "उन्हाळ्याच्या आधी," ती म्हणाली. "चित्रांत होतं, ताई. मी चित्रं बघतच नव्हते. आकडा हवा तसा येत होता ना."

"उन्हाळ्याच्या आधी." ताईने ते शब्द सावकाश उच्चारले. "तेव्हा तू रोज माझ्याकडे जेवायला होतीस. त्यांच्या शेजारच्याच पाटावर."

आतून नर्सने नातेवाइकांना हाक मारली. धाकटी उठू लागली. ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला पुन्हा खाली बसवलं.

"तू थांब इथेच," ती म्हणाली आणि एकटीच आत गेली.