चावणारा ओव्हन

मी उषाबाईंच्या घरचा गोल ओव्हन बोलतोय. गाव नागपूरकडचं शहापूर, घर हायवेपासून आत तिसऱ्या गल्लीत. ॲल्युमिनियमचं अंग, काळी मूठ आणि झाकणाच्या मधोमध वाटीएवढी काच. माझ्या पोटात आत्ता संत्र्याची बिस्किटं मांडलेली आहेत, कच्ची. सकाळपासून वीज गेलेली आहे. भिंतीवरचं माझं बटण मात्र चालू ठेवलंय, आणि माझ्या झाकणावर उषाबाईंच्या नातीचे, पाच वर्षांच्या मोनूचे दोन्ही हात आहेत.

माझ्या अंगात करंट उतरतो. वीज परत आली की तो थेट या पोरीच्या हातात जाणार. घरात या घटकेला दुसरं कोणी नाही. मला ओरडता येत नाही, तिला ढकलता येत नाही. जे येतं ते करतोय, बोलतोय. कोणी ऐकत असाल तर गोष्ट संपायची वाट पाहू नका. आधी आत या आणि ते बटण बंद करा.

मी जन्मापासून असा नव्हतो हो. दिल्लीकडच्या एका कारखान्यात मला ठोकून गोल केलं, तेव्हा माझ्या वायरीत तीन तारा होत्या. दोन तारा वीज आणायला आणि न्यायला. तिसरी हिरवी. माझ्या अंगात चुकून वीज उतरलीच तर ती मुकाट्याने जमिनीत सोडून द्यायची, एवढंच तिचं काम. दिसायला बिचारी रिकामटेकडी.

पंचवीसेक वर्षांपूर्वी उषाबाईंच्या यजमानांनी, वासुदेवरावांनी मला नागपूरच्या इतवारी बाजारातून घेतलं. उषाबाईंनी बहिणीकडे असला ओव्हन पाहिला होता आणि तेव्हापासून त्या एकच धोशा लावून बसल्या होत्या. वासुदेवरावांनी मला एसटीत मांडीवर घेऊन आणलं. शेजारच्या माणसाने विचारलं, "काय हाये जी खोक्यात?" तर म्हणाले, "घरची शांती."

घरी आल्यावर पहिलीच अडचण झाली. माझ्या प्लगला तीन पिना आणि भिंतीत भोकं दोनच. गावातल्या तुलारामला बोलावलं. तो वायरिंगची कामं करायचा. त्याने माझी वायर सोलली आणि हिरवी तार पकडीने कापून टाकली.

"हे कापलं तं चालन का?" वासुदेवरावांनी विचारलं.

"भाऊजी, घरात अर्थिंगच नाई, तं ते तार ठेवून करता काय? कामाची नाई ते."

त्याने दोन पिनांचा प्लग लावला, चहा घेतला आणि गेला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. गावभर तो हेच करत आलाय आणि गावभर सगळं चालूनही राहिलंय. माझा घात झाला तो असा, चहा पिता पिता.

पण पुढची वर्षं चांगली गेली, खोटं कशाला बोलू. उषाबाई तूप आणि पिठीसाखर तळहाताने इतकी फेसायच्या की ते पांढरंशुभ्र व्हायचं. मग मैदा, थोडा रवा, आणि संत्र्याची साल किसणीच्या बारीक बाजूने किसून. पहिल्या वेळी त्यांनी सालीखालचा पांढरा भागही किसून घातला आणि बिस्किटं कडूजहर झाली. वासुदेवरावांनी सहा बिस्किटं न बोलता खाल्ली. मग हळूच विचारलं, "सर्दीवर चालते का हे?" उषाबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. पुढे हात बसला. साल तीन पाण्यांत उकळून, साखरेच्या पाकात घोळवून तिच्या कांड्याही त्या करायच्या. दिवाळीत माझ्या काचेतून आत पाहायला आळीतल्या बायका वाकायच्या. संत्र्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि मला वाटायचं, आपण कोणीतरी आहोत.

वासुदेवराव गेले तेव्हा उषाबाईंनी मला गोणपाटात बांधून वर सज्ज्यावर, छताखालच्या फळीवर ठेवलं. खाणाराच नाही तर कोणासाठी करायचं, असं त्यांचं झालं होतं. मी नऊ वर्षं वर पडून होतो. उंदरांनी वायर कुरतडली, पावसाळी ओल कॉइलखालच्या पत्र्यापर्यंत पोचली. माझ्या आत कुठेतरी वीज झिरपायची वाट तयार होत गेली. मला ते कळत होतं. सांगणार कोणाला?

मला खाली काढलं राखीने. करडी गावची पोर, राजकुमारची बायको, उषाबाईंची सून. सज्ज्यावर आंबटगोड लोणच्याची बरणी शोधायला चढली आणि मला घेऊन उतरली. गोणपाट सोडलं तेव्हा उषाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसऱ्याच दिवशी सासूसुना मिळून पीठ मळायला बसल्या. तुलारामने वायरीवर चिकटपट्टी गुंडाळली. मला केवढा आनंद झाला होता! त्या आनंदाची आता लाज वाटते.

कारण त्याच दिवशी राखीने झाकणाला बोट लावलं आणि ती किंचाळली, "माय वं!"

"काय झालं?" उषाबाई धावत आल्या.

"आई, हा तं करंट मारून राहिला!"

"मंग चप्पल घाल पायात." आणि लगेच, "नाई नाई, चप्पल नको. देव हायेत इथं. थांब, मी पाट देते. पाटावर उभी राय."

राखी लाकडी पाटावर उभी राहिली, भीतभीत बोट लावलं. काही झालं नाही. दोघी हसल्या. झालं, उपाय सापडला! त्या दिवसापासून या घरात माझा नियम ठरला, पाटावर उभं राहून ओव्हनला हात लावायचा. पाहुणे आले की त्यांना कौतुकाने सांगायचे, "आमचा ओव्हन चावते बरं का." मोनू चालायला लागली तेव्हा तिलाही तेच शिकवलं, "जवळ नको जाऊ, चावते."

मी चावत नव्हतो हो. मला एकच भाषा येते आणि ती ही अशी दुखवणारी. राखीच्या बोटाला मुंग्या आणून मी सांगत होतो, माझ्यात बिघाड आहे, मला बंद करा. त्यांनी त्याचा विनोद केला. प्रेमानेच केला, त्यामुळे तर जास्त जीव जातो.

राखी मला फार जपते. संत्री पिळून झाली की उरलेल्या साली आणि लिंबाच्या फोडी माझ्या अंगावर घासते, वरून तांब्याभर पाणी ओतते. मी आरशासारखा चकचकतो. ते पाणी आत कॉइलपर्यंत जातं. दर आठवड्याला माझा करंट वाढत गेला, आणि मी जितका घातक झालो तितका दिसायला देखणा झालो.

मागच्या आठवड्यात राजकुमार राइस मिलमधून आला आणि पाटाचं भान न राहता त्याने मूठ सोडून कडेला हात लावला. त्याचा हात क्षणभर चिकटला. मी त्याचा चेहरा पाहिला, पांढराफटक झाला होता. झटक्याने मागे पडला, भिंतीला आपटला, आणि मग हसला.

"आज जरा जास्तच मारलं. तुलारामले दाखवा लागन."

"दाखवू ना, घाई काय हाये," उषाबाई म्हणाल्या. "तू पाटावर काहून नाई राहिला?"

म्हणजे चूक त्याची ठरली. त्या रात्री मी मनात शंभरदा म्हटलं, मला भंगारवाल्याला देऊन टाका. माझ्या जातीच्या वस्तू शेवटी विनवतात की आम्हाला फेकू नका. मी उलटं विनवतोय. हातोड्याने चेपा मला, वितळवा, माझ्या पत्र्याची कढई होऊ दे, काहीही होऊ दे. या घरात ठेवू नका.

आता आजचं सांगतो. शेजारच्या रुपाच्या नणंदेची आज हळद आहे. नवरीला बसवायला पाट कमी पडला म्हणून उषाबाईंनी आपला पाट सकाळीच तिकडे दिला आणि स्वतःही गेल्या. राखीने हळदीच्या घरी द्यायला बिस्किटं करायला घेतली. पीठ मळून झालं आणि वीज गेली. आमच्याकडे विजेला लाइन म्हणतात. मळलेल्या पिठातलं तूप उन्हाने पातळ व्हायला लागलं तशी तिची घालमेल सुरू झाली. तिने बिस्किटं थापून माझ्यात मांडली. लाइन नव्हती, त्यामुळे पाटाची गरज पडली नाही. रसाचं भांडं कलंडलं होतं, तिने फरशी ओल्या फडक्याने पुसली. आणि मग भिंतीवरचं बटण दाबलं.

"लाइन आली का आपोआप सुरू होईन," ती स्वतःशीच म्हणाली. "तेवढ्यात पाट घेऊन येते."

बटण चालू ठेवून जायची ही सवय या गावात कोणाला नाही? पंखा, टीव्ही, मोटर, सगळं असंच लाइनची वाट पाहत असतं.

मोनू दारातच उभी होती. "मम्मी, आता चावते का तो?"

"लाइन नाई तं कायले चावन? पाहून घे, तुले पाहाचं तं." राखीने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि ती गेली.

जन्मापासून जिला माझ्यापासून लांब ठेवलं, तिला आज परवानगी मिळाली. ती ओल्या फरशीवर अनवाणी उभी आहे. आधी तिने एका बोटाने मला टोचून पाहिलं. मग पूर्ण हात ठेवला. मग दुसरा. मी थंड आहे, तिला ते आवडलंय. काचेला कपाळ लावून ती बिस्किटं मोजते, अकरापर्यंत जाते, चुकते, पुन्हा पहिल्यापासून मोजते.

राखी, ये ना गं लवकर. पाट राहू दे तिकडेच. हळदीच्या घरात कोणीतरी तुला थांबवलं असेल, गालाला हळद लावली असेल, तू हसत असशील. रागावत नाही मी तुझ्यावर. तुझ्यासारखी माया मला कोणी लावली नाही. पण ये.

कॉइल तुटावी म्हणून मी धडपडतोय. नऊ वर्षांच्या ओलीने ती गंजलीय, एका जागी केसाएवढी उरलीय. पण विजेशिवाय ती तापत नाही, आणि तापल्याशिवाय तुटत नाही. तुटली तरी विजेची माझ्या अंगात उतरायची वाट वेगळी आहे. काही म्हणजे काही माझ्या हातात नाही.

मोनू माझ्याशी बोलायला लागलीय. तोंड काचेला लावून, कोणी ऐकू नये अशा आवाजात.

"ए ओव्हन, तू माह्या बाबाले काहून चावला रे? माह्या बाबा चांगला हाये."

तिच्या श्वासाने माझी काच धुरकट होते.

"मले नाई चावत ना तू? पाय, मी तुले किती धरून हावो."

तिने दोन्ही हातांनी मला कवटाळलंय. गाल झाकणावर टेकवलाय.

आमच्या गावात आधी हायवेकडच्या घरांची लाइन येते, मग दोन-चार मिनिटांनी आमच्या गल्लीची. आत्ता तिकडून पोरांचा ओरडा ऐकू आलाय. आली रे, आली, आली! कोणाचातरी टीव्ही मोठ्याने सुरू झालाय. मोनूनेही तो ऐकला. ती हसतेय, आता बिस्किटं फुगणार म्हणून आणखी घट्ट बिलगलीय.

मोनू, हात काढ. हात काढ गं बाई.