बादलीतला ओळंबा

दोरीच्या टोकाला लटकणारे एक पितळी वजन, एवढीच माझी ओळख. वरून जाड, खाली निमुळता, तळाला पोलादी टोक. भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायचे असले की गवंडी मला वरून खाली सोडतात. मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. अंगावरची लकाकी केव्हाच गेली, पण जमिनीकडे सरळ बोट दाखवायचे मी अजून विसरलेलो नाही.

माझा जन्म एका लेथ मशीनवर झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने पितळेची कांडी फिरवत फिरवत मला कातले. सोनेरी, कुरळी सालपटे खाली पडत होती आणि मी हळूहळू आकाराला येत होतो. मधूनच तो मला दोरीला टांगून गरकन फिरवी आणि डोळे बारीक करून पाही. एका बाजूला केसभर पितळ जास्त राहिले असते, तर मी जन्मभर खोटे सांगत राहिलो असतो.

त्याच्या मुलीचे लग्न एका तरुण गवंड्याशी झाले होते. म्हाताऱ्याने मला जावयाच्या तळहातावर ठेवले.

"पोरगी सरळ आहे माझी. भिंती तेवढ्या तू सरळ ठेव."

"आणि पोरगी वाकडी निघाली तर?" जावयाने हसत विचारले.

"ओळंब्याची हमी माझी. पोरीची तुझी तू बघ."

तोच माझा मिस्त्री. त्याच्या खिशात मी म्हातारा झालो.

उन्हातान्हात आम्ही किती भिंती उभ्या केल्या, याला गणती नाही. शाळेच्या, दवाखान्याच्या, माणसांच्या घरांच्या. दर काही थरांनंतर मिस्त्री मला सोडी आणि मी थांबेपर्यंत श्वास रोखून धरी. मी थांबलो की म्हणे, "ओळंब्यात आहे," आणि मगच पुढची वीट. भिंत वाकडी निघाली, तर विटांमधला सिमेंटचा माल ओला आहे तोवर तो स्वतःच्या हाताने पाडून टाकी. त्याबद्दल कधी रडगाणे नाही.

त्याचा जोडीदार ठेंगू. दारातून जाताना त्याला मान वाकवावी लागते, म्हणून त्याचे नाव ठेंगू. या दोघांची एक रीत होती, ती नीट लक्षात ठेवा. भिंत उंच असली की दोरी लांब सोडावी लागते. दोरी जितकी लांब, तितका माझा हेलकावा संथ, आणि थांबायला तितकाच उशीर. त्यात वारा सुटला की मी नुसता झुलत राहतो. नवखा माणूस अशा वेळी मला हाताने धरायला जातो. त्याचा उपयोग नसतो. हात काढला की मी पुन्हा झुलू लागतो. ठेंगू काय करी, तर माझ्याखाली पाण्याने भरलेली बादली आणून ठेवी आणि मला पाण्यात बुडू देई. पाणी मला पकडत नाही की ढकलत नाही. माझा प्रत्येक हेलकावा ते जरासा खाते, एवढेच. वर वारा चालूच असतो, पण खाली मी हळूहळू शांत होतो.

पुढे भिंतीवर लेझरची लाल रेघ टाकणारी यंत्रे आली. तरुण गवंडी मला पाहून हसू लागले. "मिस्त्री, हे म्युझियममध्ये द्या," एक जण म्हणाला. मिस्त्रीने मला खिशात टाकले. तिथे मी किल्ल्यांच्या आणि सुट्या नाण्यांच्या सोबतीत पडून राहू लागलो. वाईट वाटले, पण त्याने मला टाकून दिले नाही.

मग एक दिवस मी खिशात असतानाच तो दवाखान्यात गेला. लघवीला त्रास होतो म्हणून आधी रक्त तपासले होते, त्यात शंका आली म्हणून सुईने बारीक तुकडे काढून तेही तपासले होते. आता निकाल ऐकायचा होता. पुरुषांच्या ओटीपोटात, मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात; तुकडे तिचेच काढले होते.

"कॅन्सर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण लहान आहे, ग्रंथीच्या आतच आहे, आणि अगदी हळू वाढणाऱ्या प्रकारचा दिसतोय. तुमच्या बाबतीत लगेच ऑपरेशनची गरज नाही. आपण ठरावीक काळाने रक्त तपासू, स्कॅन करू, नीट लक्ष ठेवू. बदल दिसला तर उपचार आहेतच. ऑपरेशनचे त्रासही असतात. लघवी ताब्यात राहत नाही कुणाकुणाला."

मित्रांनो, यातला पहिला शब्द तेवढा मिस्त्रीच्या कानात शिरला. त्याचा हात खिशात आला आणि त्याने मला मुठीत आवळले. बोटांतली नाडी माझ्या पितळेवर धडधड आपटत होती. उंच परांचीवर पायाखालची फळी सटकली होती, त्या दिवशीसुद्धा तो असा घाबरला नव्हता.

"म्हणजे आत आहे हे माहीत असून ठेवून द्यायचं?"

"ठेवून नाही द्यायचं. पाहत राहायचं."

"बाई, वाकडी भिंत आम्ही पाहत नाही बसत. पाडतो."

डॉक्टरबाई पुढे काही सांगत होत्या, पण तोवर तो दाराबाहेर होता.

घरी त्याच्या बायकोने विचारले, "काय म्हणाल्या?"

"वय झालं म्हणाल्या," तो बोलला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी त्याने मला स्वयंपाकघराच्या भिंतीजवळ टांगले. मी हेलकावे खात होतो तोवर तो भिंतीकडे टक लावून उभा होता.

"अहो, भिंतीला काय धाड भरलीय?"

"जरा कललीय का बघतोय."

"तुम्हीच बांधलीत ना?"

"म्हणूनच बघतोय."

भिंत सरळ होती. त्याने दुसरी पाहिली. तीही सरळ होती. पुढच्या दिवशी त्याने त्याच भिंती पुन्हा पाहिल्या, आणि मग रोजच पाहू लागला. खरी शंका भिंतीची नव्हती. ज्या ठिकाणी मला टांगता येत नाही, त्या ठिकाणची होती. कंबर भरून आली की त्याला वाटे, कॅन्सर तिथवर पोचला. खोकला आला की वाटे, आता छातीत. घास तोंडाशी नेऊन तो विसरून जाई. कुणी हाक मारली तरी दचके. दिवसभर खिशात त्याचा हात माझ्याभोवती असे, आणि मला त्याच्या घामाचा वास लागला होता.

एके दिवशी तो दुसऱ्याच दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरांनीही विचारले, "इतकी घाई कशाला?" पण मिस्त्रीने धोशाच लावला, "मला तो बाहेर काढून हवाय." शेवटी ऑपरेशनची तारीख घेऊनच तो उठला. घरी कुणाला पत्ता नाही. मी हतबल होतो. हा माणूस नीट विचार करून ठरवत असता, तर मला काही वाटले नसते. पण त्याच्या मुठीतून मला कळत होते, ठरवत होती ती भीती.

त्या तारखेच्या आधीच एक दिवस असा आला. एका घराची मागची भिंत छातीपर्यंत आली होती. लाल रेघेच्या यंत्राची बॅटरी संपली, म्हणून मिस्त्रीने मला बाहेर काढले. मला वाटले, चला, आज पुन्हा कामाला आलो. त्याने दोरी धरली आणि मला सोडले. मी थांबायची वाट पाहू लागलो, पण थांबताच येईना. वारा नव्हता. दोरीच थरथरत होती. मी डावीकडे जाई, उजवीकडे जाई, आणि मिस्त्रीचे डोळे माझ्या मागे मागे धावत.

"वाकडी आहे," तो पुटपुटला. मग मोठ्याने ओरडला, "वाकडी आहे! पाडा!"

कुणी पुढे येईना. तेव्हा त्याने स्वतःच लाथ घातली. ओला माल सुटला, विटा धडाधड कोसळल्या. निम्मी भिंत आडवी झाली. मी मातीत पडून होतो.

ठेंगू मान वाकवून दारातून बाहेर आला. ढिगाकडे पाहिले, मिस्त्रीकडे पाहिले. मग त्याने पाण्याची बादली आणली आणि मला उचलून उरलेल्या भिंतीजवळ सोडले. पाण्यात माझे टोक शिरले. गार वाटले. मी थोडा झुललो, आणखी थोडा, आणि थांबलो.

"ये, बघ," ठेंगू म्हणाला. "केसभरसुद्धा फरक नाही. भिंत नव्हती हलली, लेका. तू हललास."

मिस्त्री विटांच्या ढिगावर मटकन बसला.

"मला कॅन्सर झालाय," तो म्हणाला.

ठेंगू त्याच्या शेजारी टेकला.

"घरी माहितीये?"

"नाही. ऑपरेशनची तारीख घेतलीय. एकदा काढून टाकलं की सुटलो."

"डॉक्टर म्हणाले काढा म्हणून?"

मिस्त्री हातातल्या विटेवरचा ओला माल बोटाने खरवडू लागला. ठेंगूने पडलेल्या भिंतीकडे बोट केले. "तू आत्ता काय केलंस, ते बघतोयस ना? ऑपरेशन कर, नको करू, ते मला काय कळतंय! पण असा थरथरत नको ठरवू. आज वहिनीला सांग. नाहीतर मी येऊन सांगतो, आणि मला सांगताना रडू येतं हे तुला माहितीये. दोघांची शोभा होईल."

मिस्त्रीला हसू आले आणि त्यातच त्याचा चेहरा वाकडा झाला.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सांगितले. ती हातातले काम टाकून त्याच्यासमोर बसली.

"रोज उठून भिंतींना ओळंबा लावणारा माणूस बघतेय मी," ती म्हणाली. "काहीतरी आहे, एवढं कळत होतं. नाव तेवढं कळत नव्हतं. आता एकट्यानं कुठे जायचं नाही."

दोघे मिळून पहिल्या डॉक्टरबाईंकडे गेले. या वेळी मिस्त्री शेवटपर्यंत बसला. "हळू म्हणजे किती हळू?" "लक्ष ठेवताना हातातून निसटला तर?" सगळे विचारले. डॉक्टरबाईंनी न कंटाळता सांगितले. निसटू नये म्हणूनच तपासण्या असतात, आणि गरज पडली तर ऑपरेशनही करू, असे म्हणाल्या. भीतीलाही उपचार असतो, असे सांगून त्यांनी त्याला एका समुपदेशक बाईंकडे पाठवले. त्या बाईंनी त्याला श्वास सावकाश सोडायला शिकवले. आयुष्यभर मी थांबेपर्यंत श्वास रोखून धरणारा माणूस तो! त्याला ते जड गेले. पण तो शिकला. घेतलेली तारीख त्याने स्वतः फोन करून रद्द केली. ती पाडलेली भिंतही त्याने आणि ठेंगूने पुन्हा बांधली.

भीती गेली, असे मी सांगणार नाही. मी खोटे सांगत नसतो. तपासणीचा दिवस जवळ आला की मूठ पुन्हा आवळते. पहिल्या तपासणीचा निकाल ऐकायला आम्ही बाकावर बसलो होतो, तेव्हा त्याने मला इतके घट्ट धरले की माझे टोक त्याच्या तळहातात रुतले. त्याच्या बायकोने ती मूठ उघडली. मला काढून घेतले, दोरी दोन बोटांत धरली आणि पिण्याच्या पाण्याच्या पेल्यात मला हळूच सोडले. शेजारची माणसे पाहू लागली.

"अगं, काय करतेस? लोक बघतायत."

"बघू देत. माझ्या वडिलांनी केलाय तो. श्वास सोडा तुम्ही."

त्याने श्वास सोडला. दोरी तिच्या हातात होती, आणि तिचा हातही थोडा कापतच होता. तरी पाण्यात मी हळूहळू शांत होत गेलो. मी थांबतो न थांबतो तोच आतून हाक आली. ती उठली, पेला मिस्त्रीच्या हातात दिला, आणि दोघे तसेच आत गेले.

रक्ताच्या तपासणीतला आकडा वाढलेला नव्हता. बाहेर आल्यावर मिस्त्री मोठ्याने हसला. जिन्याजवळ पोचेपर्यंत त्याचा हात पुन्हा थरथरू लागला होता, कारण पुढची तपासणी होतीच. पण या वेळी त्याने तो हात माझ्याकडे खिशात नेला नाही. बायकोच्या हातात दिला.

मित्रांनो, मी आता स्वयंपाकघरात एका खिळ्याला असतो. तिथल्या भिंतीवर कुणी शंका घेत नाही. तुमच्याही घरात कधी कुणाचा हात असा कापेल. तो वडिलांचा असेल, आजोबांचा असेल, कदाचित तुमचाच असेल. तेव्हा त्या माणसाला 'घाबरू नकोस' म्हणून दरडावू नका. हाताने धरून मी कधी थांबलो नाही. त्याच्याजवळ जाऊन बसा, तो सांगेल ते ऐका, त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा. वारा काही तुमच्या हातात नसतो. बादली भरून आणणे तेवढे असते.