गुरुवारची दोरी

नेपल्सच्या त्या गल्लीत एका खिडकीत कांदा चिरला की समोरच्या खिडकीत डोळ्यांना पाणी येई. कपड्यांची दोरी समोरासमोरच्या दोन भिंतींवरच्या कप्पीच्या चाकांवरून फिरायची, त्यामुळे ती कुणा एकीची असूच शकत नव्हती. सोमवार नुन्झियाचा, गुरुवार समोरच्या इम्माकोलाताचा. ही वाटणी दोघी बोलत होत्या तेव्हाची. एका ठिबकणाऱ्या चादरीवरून बोलणं बंद झालं, त्याला बारा वर्षं झाली. वाटणी मात्र एकदाही मोडली नव्हती.

त्या गुरुवारी नुन्झिया खिडकीत वाटाणे सोलत बसली होती. समोर इम्माकोलाताचा मुलगा कातेल्लो आईला शहराबाहेरच्या घरी न्यायला तिचं सामान बांधत होता. सगळं ऐकू येत होतं.

"आई, तिकडे बाग आहे. शेजारचं घर दिसतसुद्धा नाही."

"मग दिवसभर बघू काय?"

"झाडं बघ."

"झाडं काही करतात का?"

"लिफ्ट आहे, आई. गुडघे बघ तुझे."

इम्माकोलाता उठली. तिनं कोट चढवला.

ती गेली की समोर चार-चार दिवसांचे पर्यटक येणार, हे नुन्झियाला ठाऊक होतं. अशा लोकांशी धड भांडायलाही वेळ मिळत नाही. पण थांब म्हणायचं तर आधी बोलावं लागलं असतं.

तिनं कपाटातून इस्त्री केलेली चादर काढली, नळाखाली भिजवली, न पिळता दोरीवर टाकली आणि दोरी ओढली. कप्पी कुरकुरली आणि चादर समोरच्या खिडकीपाशी जाऊन ठिबकू लागली.

"कातेल्लो, आज वार कोणता?"

"गुरुवार. चल, गाडी नको तिथं उभी केलीय."

"मी अजून उंबरा ओलांडला नाही, आणि या बयेनं माझा गुरुवार खाल्ला."

"खाऊ दे. तुला आता कशाला हवाय?"

"आज गुरुवार घेतला. उद्या अख्खा आठवडा घेईल."

"तेव्हा तू इथं नसशील, आई."

"तेच म्हणतेय मी. ठेव ती बॅग खाली."

"आणि गुडघे?"

"गुडघे माझे आहेत. मी बघून घेईन."

नुन्झियानं खाली मान घालून उरलेले वाटाणे सोलले.

सोमवारी सकाळी ती कपड्यांची बादली घेऊन खिडकीशी आली, तर दोरी भरलेली. टॉवेल, पडदे आणि शेवटी इम्माकोलाताचा तो कोट, गळ्यापर्यंत ओला. नुन्झियानं बादली खाली ठेवली आणि कॉफी करायला गेली.