शंभराव्या जयंतीला माझा मान गेला

मी हातगाडी बोलतेय. बुवापाड्यातल्या विहारामागे, भिंतीला टेकून उभी आहे ना, तीच. आधीच सांगून ठेवते, मी काही मोठ्या मनाची वगैरे नाही. माझा एका ट्रकवर राग आहे. राग कसला, हेवाच आहे सरळ सरळ. इतकी वर्षं झाली, तरी तो आठवला की माझ्या अंगाची लाही लाही होते.

माझा जन्म अंबरनाथचा. माझे मालक रामभाऊ तेव्हा काडेपेटीच्या कारखान्यात होते. तिथलं काम सुटलं तेव्हा त्यांनी ओळखीच्या सुताराकडून मला करून घेतलं. चाकं बाभळीची, फळ्या सागाच्या, चाकांवर लोखंडी धाव. सुतारानं मला दोन ठिकाणी ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "रामभाऊ, ही तुमच्या नातवाला पुरंल." ते ऐकून मी जी फुशारले, ती खोड आजवर गेलेली नाही.

वर्षभर माझं काम उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये. आधी कापडाचे तागे, पुढे जीन्सची गाठोडी. एका कारखान्यातून शिलाई झालेली उचलायची, दुसरीकडे धुलाईला टाकायची. तिथे माझी किंमत काय असणार? रिक्षावाले मागून हॉर्न मारायचे, आणि दुकानाच्या पायरीवरून सिंधी शेठ ओरडायचा, "अरे साईं, गाडी साइड में ले, गिराइक को रास्ता दे!" मी मुकाट्यानं साइडला व्हायचे. कारण मला ठाऊक होतं, माझा एक दिवस येणार आहे.

तो दिवस म्हणजे चौदा एप्रिल. मी येण्याआधी मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो माणसं हातात धरून न्यायची. मी आले आणि रामभाऊंनी मला घासून धुतलं, वर निळं कापड अंथरलं आणि बरोबर मधोमध फोटो बसवला. त्यांची बायको कौसाबाई. तिनं स्वतः ओवलेला मोगऱ्याचा हार फोटोला घातला, मेणबत्ती लावली, मोठ्यानं "जय भीम" म्हणाली आणि मग माझी चाकं हलली. तेव्हापासून ती रीतच पडली. मिरवणूक सुटायची ती कौसाबाईच्या दारातून, आणि पहिला हार तिच्या हातचा.

रामभाऊ गेले, मग माझी दांडी त्यांच्या मुलानं धरली. धर्मराजनं. त्या दिवशी तो पांढरा सदरा घालायचा आणि मला असा ओढायचा, की जणू पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर नेतोय. रस्त्यात भाजीची गाडी, केळ्यांची गाडी, भंगारवाल्याची गाडी, सगळ्या कडेला उभ्या राहून माझ्याकडे टकामका बघायच्या. मी त्यांच्याकडे ढुंकूनसुद्धा बघायची नाही. जळा म्हटलं, आणखी जळा!

मग उजाडलं शंभरावं वर्ष. विहारात बैठक भरली, आणि मी खिडकीखालीच उभी असल्यामुळे मला सगळं ऐकू आलं. मंडळाचे अध्यक्ष बबनराव, सरकारी नोकरीतले, इस्त्रीच्या कपड्यातले. ते उठून म्हणाले, "बाबासाहेबांची शताब्दी नुसती आपल्याकडे नाही. लंडनला होणार आहे, जपानला होणार आहे, अमेरिकेत आपली माणसं करणार आहेत. इंग्लंडमधल्या आपल्या लोकांच्या एका मंडळानं जगभरच्या जयंत्यांच्या फोटोंचं प्रदर्शन मांडायचं ठरवलंय. आपल्या इथली मीनल तिकडे दिलीय ना, ती खास कॅमेरा घेऊन येतेय. एका गावाचा एकच फोटो लागणार. आता तुम्हीच सांगा, लंडनच्या शेजारी बुवापाड्याची ही खटारा हातगाडी लावायची का?"

लोक हसले. खटारा म्हणाला, त्याचं मला इतकं नाही. पण त्या हसण्यात धर्मराजचं हसणं होतं. ते मी हजारात ओळखते. तिथेच ठरलं, यंदा ट्रक.

घरी मात्र धर्मराजला एक घोर होता. कौसाबाईचे गुडघे गेले होते. दाराशी खाट टाकलेली, त्या खाटेपलीकडे तिचं पाऊल पडत नव्हतं. थंडीत तर ती जातेय की राहतेय असं झालं होतं. पण एकच धोशा धरला होता म्हातारीनं, "शंभराव्या जयंतीचा हार माझ्या हातानं घालीन. मग न्या मला कुठं न्यायचं तिथं."

धर्मराज तिच्या उशाशी बसून म्हणाला, "आये, मिरवणूक तुझ्याच दारातनं सुटंल. ट्रक असू दे न्हायतर इमान. शब्द हाय माझा."

ट्रक आला. काय ते नवं पिवळंजर्द अंग! पुढे लिंबू-मिरची लटकत होती, ती बबनरावांनी आधी काढायला लावली. मग त्याच्यावर थर्माकोलचा आणि बांबूचा स्तूप चढू लागला. सांचीसारखा, म्हणत होते. कामावरून आला की धर्मराज सरळ ट्रककडे. त्याची चाकं पुसायचा, त्याला रंग द्यायचा, त्याच्याभोवती फिरून फिरून लांबून बघायचा. मला वंगण घालायला या माणसाला कधी सवड झाली नव्हती हो! माझ्यावर मात्र थर्माकोलचे उरलेले तुकडे टाकले. सवत म्हणावी तर तो ट्रक पुरुष, पण दुसरं काय म्हणू?

आणि एक दिवस धर्मराजनं ट्रंकेतून माझं निळं कापड काढलं. माझं! रामभाऊंनी माझ्यासाठी आणलेलं. त्याची बायको चांगुणा म्हणाली, "अवं, ते गाडीचं हाय ना?" तर म्हणतो कसा, "गाडीला काय करायचंय आता? ट्रकच्या तोंडाला लावू, लई शोभंल." आणि लावलं. शोभलं, हेच तर वाईट. मी उघडी बोडकी मागे उभी राहून बघत होते, आणि मनात म्हणत होते, पंक्चर हो मेल्या!

चौदा एप्रिल आला. दुपारीच मीनल आली. इंग्लंडची झाली तरी चप्पल बाहेर काढून विहारात शिरली, म्हणून मी तिला नावं ठेवणार नाही. तिनं रस्त्यावर उन्हात चमकणाऱ्या ट्रकचा एक फोटो काढला. मग म्हणाली, "बबनकाका, संध्याकाळी कौसाआजीच्या दारातला काढीन. तोच पाठवू."

इकडे गल्लीतल्या पोरापोरींनी सगळ्यांना चकित करायचं ठरवलं होतं. ट्रकवाल्यांना पत्ता लागू न देता त्यांनी या घरावरून त्या घरावर दोऱ्या ओढल्या आणि पंचशीलाच्या पताका लावल्या. इतक्या दाट, की गल्लीत वरचं आभाळ दिसेना. स्तूपवाल्यांनी स्तूप किती उंच केलाय ते गल्लीला माहीत नाही, आणि गल्लीनं पताका किती खाली बांधल्यात ते स्तूपवाल्यांना माहीत नाही.

संध्याकाळी बँजो वाजवत ट्रक गल्लीच्या तोंडाशी आला आणि थबकला. स्तूपाचा कळस पताकांच्या पहिल्याच दोरीला लागला.

"कापा ती दोरी," बबनराव म्हणाले.

झालं, कालवाच उठला. "पंचशीलाला कात्री लावता? आन् आजच्या दिवशी?" ज्याच्या हातात कात्री होती, त्यानं ती मागे लपवली. मग कोणी म्हणालं, "कळस उतरवा." तर स्तूपवाले पेटले, "स्तूपाचा कळस उतरवायचा? हात तरी धजतील का आमचे?" फोटोच खाली घ्यावा, तर तो पडू नये म्हणून नटबोल्टनं स्तूपात आवळलेला, तो सोडवायचा तर आधी स्तूप फोडायला हवा. दोन्हीकडची माणसं खरी, दोन्हीकडची श्रद्धा खरी, आणि मधे ट्रक घुरघुरत उभा!

मी काय केलं? मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. वर्षानुवर्षं या गल्लीतून मी सुळकन जात होते. जा म्हटलं आता आत, दाखव तुझी ऐट!

शेवटी बबनराव म्हणाले, "उशीर होतोय. सोडा मिरवणूक रस्त्यावरूनच." धर्मराजचं तोंड पडलं. तो गल्लीतून घराकडे धावला. खाटेवर कौसाबाई नवं पांढरं लुगडं नेसून बसली होती, मांडीवर मोगऱ्याचा हार.

"आली का रं?" तिनं विचारलं.

"आये, ट्रक आत येत न्हाय."

म्हातारीनं मांडीवरचा हार सारखा केला. मग बारीक आवाजात म्हणाली, "मग माझा हार?"

धर्मराज विहारामागे आला तो तडक माझ्यापाशी. दोन्ही हातांनी त्यानं माझ्यावरचे थर्माकोलचे तुकडे भिरकावले. माझ्या जिवात जीव आला! म्हटलं, आला वळणावर. आता फोटो उतरवणार आणि माझ्यावर बसवणार. ट्रकच्या नाकावर टिच्चून निघते आता. पण त्यानं मला दारात नेलं, मधोमध गोधडी अंथरली आणि आईला उचलून आणलं. फोटो कसला नि काय! मला मिळाली म्हातारी. खरं सांगते, मी हिरमुसले.

तो तिला गोधडीवर ठेवू लागला, तर कौसाबाईनं त्याच्या मानेला मिठी मारली आणि पाय आखडून घेतले.

"हितं न्हाय. हितं बाबा बसत्यात."

"अगं, आज न्हाईत ना हितं. बस की."

"न्हाईत म्हणून त्यांच्या जागंवर बसू? मला कडंला ठेव."

"कडंला बसलीस तर गाडी कलंडंल, आये."

"तू हाईस की धरायला."

बसली कडेला, माझ्या कोपऱ्यावर, पाय लोंबते सोडून. सगळा भार एका अंगाला. धर्मराजनं दुसऱ्या बाजूनं दांडीवर आपलं वजन टाकलं, आणि मी दात आवळून निघाले. पताका तिच्या डोक्यावरून फिरत होत्या, आणि मधल्या रिकाम्या फळ्यांवर कोणी नव्हतं.

ट्रकपाशी पोचलो. कौसाबाईनं मान वर केली. फोटो पार वर, दिव्यांच्या झगमगाटात. तिनं हार धरून हात उंच केला. तो ट्रकच्या फळीपर्यंतसुद्धा पोचेना.

बबनराव पुढे झाले. "आजी, द्या इकडे हार. पोरं चढून घालतील."

"मी आजवर दुसऱ्याच्या हातानं घातला न्हाय."

"मग तुम्हाला वर उचलून घेऊ का?"

"मला कुठं उचलतोस, बबन? तुला कडंवर घेऊन हार घातलाय मी बाबांना. तवा तुझासुदिक हात पोचायचा."

कौसाबाई सावकाश माझ्याकडे वळली. हार तिनं दोन्ही हातांनी माझ्या मधल्या उघड्या फळ्यांवर ठेवला, बरोबर जिथे फोटो असायचा तिथे. हात जोडले.

"शंभर वर्सं झाली तुम्हाला, बाबा," ती म्हणाली. "जय भीम."

बँजो कधी थांबला ते कळलंच नाही. मीनलनं डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली घेतला आणि तिनंही हात जोडले. मग एकेक माणूस पुढे आला आणि माझ्या फळीला हात लावून नमस्कार करू लागला. बबनरावही आले, स्तूपवालेही आले. मी आजवर जे जे ओझं वाहिलं, त्यात त्या रिकाम्या जागेइतकं जड काही नव्हतं.

मिरवणूक निघाली ती मी पुढे आणि ट्रक मागे. धर्मराज माझ्या पावलानं चालला, म्हणून सगळ्या अंबरनाथभर ट्रकला पहिल्या गिअरमध्ये यावं लागलं. गरम होऊन घुरघुरत होता मेला माझ्या पाठीशी. त्याला काय वाटलं असेल ते असो, मला फार बरं वाटलं.

पण माझं नशीब बघा. दारातला फोटो झालाच नाही. हात जोडायच्या नादात मीनलनं माझा एकही फोटो काढला नाही. बाई गं, एक तरी काढायचास! प्रदर्शनात गेला तो दुपारचा, ट्रकचा. त्याची मोठी प्रत मढवून विहारात लावली आहे. खिडकीतून मला रोज दिसतो, माझं निळं कापड तोंडाला बांधून मिरवणारा. परदेशातल्या माणसांनी आमची जयंती म्हणून त्याला पाहिलं. हे काही माझ्या मनातून जात नाही, जाणारही नाही.

कौसाबाई त्यानंतरच्या थंडीत गेली. आता कॅम्प तीनमध्ये जीन्स टेम्पोतून जाते, धर्मराजच्या गुडघ्यांनीही कुरकुर सुरू केली आहे, आणि मी इथे भिंतीला टेकून असते. ट्रक दर वर्षी येतो, दर वर्षी आणखी उंच. मी दर वर्षी जळते.

तरी चौदा एप्रिलला धर्मराज मला धुतो आणि गल्लीत फिरवतो. ज्यांना चालवत नाही अशा म्हाताऱ्या, दम्याची माणसं, एखादी पोटुशी बाई, सगळी माझ्यावर बसून ट्रकपर्यंत येतात. बसतात मात्र चहूकडून कडेला, एकमेकांना चिकटून, पाय लोंबते सोडून. त्यांना तसं कोणी सांगितलेलं नाही.

माझी एकच विनवणी आहे. उद्या फळ्या कुजल्या तर खुशाल मोडा मला, फोटो काढायलाही कोणी येऊ नका. पण तोवर माझ्यावर टेकायचं असेल, तर जरा सरकून बसा.