जर्सीचा भाव

ॲन आर्बरमधल्या गांजाच्या दुकानांना गुरुनाथ आवटी चांगले ठाऊक होते, आणि त्यातल्या एकाही दुकानात ते कधी आत गेले नव्हते. मफलर गुंडाळून, काठी टेकून ते दाराबाहेर उभे राहायचे आणि पिशवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला विचारायचे, "हाऊ मच टुडे?" विद्यापीठातली पोरं आधी बिचकायची, मग सांगून टाकायची. एकदा एकाने प्रेमाने पुडीतलंच थोडं पुढे केलं. गुरुनाथांनी हात जोडले. "नो, नो. ओन्ली रेट."

चौतीस वर्षं त्यांनी सांगलीच्या बाजार समितीत हळदीच्या सौद्यांचे भाव नोंदवले होते. बायको गेल्यावर ते राजेशकडे, म्हणजे मुलाकडे, मिशिगनला आले. आले ते कायमचे, पण कामाची सवय सुटली नाही. कोथिंबिरीची जुडी, केस कापणं, बर्फ उपसायचं फावडं, दिसेल त्याचा भाव विचारायचे. सुवर्णा, त्यांची सून, दुकानात त्यांच्यापासून चार पावलं लांब उभी राहायची.

मग मिशिगनमध्ये गांजाची विक्री कायदेशीर झाली आणि इंडियन ग्रोसरीच्या शेजारीच एक दुकान उघडलं. औंसाला पाचशे डॉलर. औंस म्हणजे जेमतेम अडीच तोळे. "हा गांजा म्हणायचा की केशर?" असं म्हणून त्यांनी नवी वही काढली. चार वर्षांत तोच औंस ऐंशीवर आला. राजेशला नवल वाटलं, त्यांना नाही.

"मागेल त्याला परवाना दिला रे यांनी. एका वर्षी हळदीला भाव आला की पुढच्या वर्षी बांधावरसुद्धा हळद लागते. तसं झालंय हे."

त्यांना खरी गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. एका राज्यातला माल दुसऱ्या राज्यात न्यायला बंदी होती. राज्यांनी परवानगी दिली तरी केंद्र सरकारच्या लेखी तो अजून गुन्हाच होता. त्यामुळे प्रत्येक राज्याचा बाजार वेगळा, पिकवायचं तिथंच आणि विकायचंही तिथंच. त्यांच्या तरुणपणी तांदळाला जिल्हाबंदी होती, तेव्हा नदीच्या अलीकडे एक भाव आणि पलीकडे दुसरा. "इथंही तेच आहे," ते म्हणायचे, "फक्त नदी कुठं दिसत नाही."

एका बाजाराचा भाव म्हणजे अर्धीच माहिती, हा त्यांचा जुना सिद्धांत. म्हणून रेडमंडला असलेला पुतण्या अनीश वॉशिंग्टन राज्याचे भाव कळवू लागला. तो इतक्या तत्परतेने दुकानातल्या फलकाचे फोटो पाठवायचा, की याचं तिथं जाणं केवळ काकांसाठी नसावं हे सगळ्यांनीच ओळखलं होतं. आणि न्यू जर्सीत विक्री सुरू झाली तेव्हा तिथला भाव कळवायचं काम आलं नेत्राकडे.

नेत्रा त्यांची धाकटी मुलगी, जर्सी सिटीत एकटी राहणारी. मॅनहॅटनमधल्या एका बँकेत ती काम करायची. अहवालातले आकडे कुठून आले, खरे आहेत का, हे तपासणं हेच तिचं काम. तेरा वर्षं ती ग्रीन कार्डाच्या रांगेत होती. वकिलाने सगळ्या क्लायंट्सना एक मेल पाठवला होता, की व्हिसावर असलेल्यांनी गांजाच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, राज्याचा कायदा काहीही म्हणो. नेत्राने तो मेल दोनदा वाचला. दुकानात जाणं सोडाच, फोनवर भाव शोधायचीसुद्धा तिला भीती वाटली.

पहिल्या रविवारी सकाळी दहाला फोन आला. "काय म्हणतोय जर्सीचा भाव?"

वडिलांना नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं आणि खरं कारण सांगावं तर ते काळजी करत बसले असते. "तीनशे ऐंशी," ती म्हणाली. कुठून आला तो आकडा, तिचं तिलाच कळलं नाही.

"महाग आहे. दुकानं मोजकी असणार," पलीकडून आवाज आला, आणि कागदावर पेन चालल्याचं तिला ऐकू आलं.

पुढे दोन वर्षं हेच चाललं. कधी तीनशे सत्तर, कधी पुन्हा ऐंशी, मग साठ. आकडे विसंगत होऊ नयेत म्हणून ती गेल्या वेळचा आकडा लक्षात ठेवायची. दिवसभर दुसऱ्यांचे खोटे आकडे पकडणारी बाई रविवारी सकाळी चहा ढवळता ढवळता स्वतः एक आकडा रचायची. जानेवारीतल्या एका पहाटे गुरुनाथ झोपेतच गेले. त्याच्या आदल्या रविवारचा भाव होता तीनशे तीस.

वर्षभराने हेमचंद्र काकांचा फोन आला. हे अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, पन्नास वर्षांपासून मिशिगनमध्ये. मराठी मंडळाच्या ग्रंथालयात त्यांची आणि गुरुनाथांची दर गुरुवारी बैठक असायची.

"नेत्रा, मी गुरुनाथच्या वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या. तीन राज्यं, तीन रेषा. इतक्या शिस्तीने असं काम करणारा माणूस मी विद्यापीठातही कमी पाहिला. वर्षश्राद्धाच्या शनिवारी मंडळात दाखवतोय, आणि मग माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला पाठवणार आहे. तो याच विषयावर काम करतो. तू येशील ना?"

"येईन, काका."

"आणि तुझं खास कौतुक. मिशिगनची रेषा घसरगुंडीसारखी, वॉशिंग्टनची वेडीवाकडी. पण जर्सीची इतकी गुळगुळीत आहे, की बघत राहावं."

फोन ठेवून नेत्रा खिडकीपाशी जाऊन बसली. गुळगुळीत असणारच. खरा बाजार असा कुठे उतरतो?

शुक्रवारी ती ॲन आर्बरला पोहोचली. जेवताना तिने दादाला आणि वहिनीला सगळं सांगून टाकलं. आधी सुवर्णा हसली. "अगं, कमाल आहेस! मला वाटायचं, तू खरंच कुठूनतरी काढतेस. मी बाबांना म्हणायचे, बघा, नेत्रा किती करते तुमच्यासाठी."

नेत्राने ताट बाजूला सारलं. ते पाहून सुवर्णाचं हसू ओसरलं.

"उद्या काकांना सांगते, ती रेषा काढा म्हणून," नेत्रा म्हणाली.

"काही गरज नाही," राजेश म्हणाला. "कोण तपासणार आहे? शंभर माणसं येणार, वडापाव खाणार, घरी जाणार."

"तो विद्यार्थी तपासेल."

"मग त्याला नका पाठवू म्हणावं. पण उद्या काही बोलू नकोस. नेत्रा, तू इथे नव्हतीस. लोक त्यांना काय म्हणायचे माहितीये? गांजावाले आजोबा. माझ्या तोंडावर म्हणायचे यार. उद्या पहिल्यांदा कुणीतरी स्टेजवरून त्यांचं नाव नीट घेणार आहे. आणि तू उठून सांगणार, त्यातल्या एक-तृतीयांश थापा आहेत?"

त्याचं खरं होतं, हे नेत्राला कळत होतं. तिला वडिलांची एक गोष्ट आठवत होती. एका बड्या अडत्याने त्यांना राजापुरी हळदीचा भाव शंभर रुपयांनी चढवून लिहायला सांगितलं होतं. त्यांनी लिहिला नाही, तेव्हा वर्षभर त्यांना गाड्यांच्या पावत्या फाडायला फाटकावर बसवलं. उन्हात. आई चिडायची, तर ते म्हणायचे, "अगं, शेतकरी तो आकडा बघून गाडी भरतो." असल्या माणसाला तिने दोन वर्षं चहा ढवळत आकडे पुरवले होते. त्यांना कळलंच नसेल तर तिने त्यांना फसवलं होतं. आणि कळलं असेल तर? तो विचार तिने तिथंच थांबवला.

शनिवारी सकाळी राजेशने बेसमेंटमधून वह्यांचं खोकं आणून तिच्यापुढे ठेवलं. हेमचंद्र काकांनी वह्या काम झाल्यावर परत केल्या होत्या. नेत्राने त्या कधी उघडून पाहिल्या नव्हत्या.

पानं आखलेली होती. तारीख, भाव आणि शेवटी शेरा. हळदीच्या नोंदीत शेऱ्यात मालाविषयी लिहायचं असतं, ओलसर आहे का, रंग कसा आहे. मिशिगनच्या पानांवर तसंच होतं: 'माल जुना म्हणतात', 'कोपऱ्यावर नवीन दुकान', 'दोन दुकानं बंद पडली, उत्पादकाला परवडत नसावं'. वॉशिंग्टनच्या पानांवर: 'करासह', 'अनीशचा फोटो अस्पष्ट'.

तिने जर्सीची वही उघडली.

'३८०. नेत्राकडून. दुकानं कमी असावीत.'

'३७०. नेत्राकडून. घाईत होती.'

'३७०. नेत्राकडून. आवाज बसलेला. सुंठ सांगितली.'

'३८०. नेत्राकडून. आज हसली.'

मालाविषयी पुढे एक अक्षर नव्हतं. पानामागून पान, भावाच्या पुढे तिची तब्येत होती. 'बरी.' 'फार बोलली नाही.' 'वकिलाचा विषय काढला नाही.' 'बाहेर पाऊस ऐकू आला.' सहा-सात महिन्यांनंतरच्या एका रविवारी त्यांनी लिहिलं होतं: 'उतरला तर दहाने, चढला तर दहानेच?' प्रश्नचिन्ह ठळक होतं, दोनदा गिरवलेलं. त्याच्या पुढच्या रविवारी: '३६०. नेत्राकडून. बरी.' आणि तिथून पुढे दीड वर्ष, एकही रविवार न चुकवता.

सुवर्णा चहा घेऊन आली आणि तिच्याकडे बघून, कप ठेवून परत गेली.

नेत्राने काकांना फोन लावला. जे होतं ते सरळ सांगितलं.

"मला शंका यायला हवी होती," ते म्हणाले. "गुळगुळीत रेषा. आयुष्यभर पोरांना हेच शिकवलं मी."

"काका, तुम्ही शेरे वाचलेत?"

"वाचले. ते माझ्या विषयातले नव्हते, म्हणून नाही चढवले. मी रेषा काढतो. कारण सांगायची गरज नाही. जर्सीची माहिती अपुरी होती, एवढं म्हणेन."

"नको. कारण मी सांगते. नाहीतर लोकांना वाटेल, बाबांनीच अर्धवट काम केलं."

दुपारी मंडळाचा कार्यक्रम होता, भाड्याने घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात. पडद्यावर दोनच रेषा होत्या. मिशिगनची वरून सुटलेली आणि खाली येऊन आडवी झालेली. वॉशिंग्टनची आधीच खाली, कराचं ओझं घेऊन वरखाली होत जाणारी. हेमचंद्र काका रंगात आले होते. परवाने सढळ हाताने दिले तर काय होतं, मोजून दिले तर काय होतं, सीमा बंद असली की शेजारच्या राज्यातलं स्वस्त पीक आपल्या काय कामाचं, हे त्यांनी गुरुनाथांच्याच हळदीच्या भाषेत सांगितलं. 'गुरुनाथ आवटी यांच्या नोंदीनुसार' असं ते दर दोन वाक्यांनी म्हणत होते. राजेश पहिल्या रांगेत ताठ बसला होता.

"तिसरा बाजार न्यू जर्सीचा," काका म्हणाले. "त्याबद्दल नेत्रा सांगेल."

नेत्रा उठली. तिला वाटलं होतं तितकं ते लांबलं नाही. "जर्सीचे भाव मी बाबांना कळवायचे," ती म्हणाली. "ते खरे नव्हते. मला तिथे जायची भीती वाटायची, म्हणून मी मनाने सांगायचे. वहीत प्रत्येक आकड्यापुढे त्यांनी माझं नाव लिहिलंय. तेव्हा चूक त्यांची नाही, माझी आहे. बाकी दोन राज्यांचे आकडे त्यांनी स्वतः मिळवलेत नाहीतर फोटो बघून लिहिलेत. ते पक्के आहेत."

मागे कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. दुसऱ्या रांगेतून सुमेधा मावशींनी, मंडळाच्या जुन्या अध्यक्षांनी, विचारलं, "अगं, पण मग जर्सीचा खरा भाव होता तरी किती?"

"माहीत नाही, मावशी. मी कधी विचारलाच नाही."

ती येऊन राजेशच्या शेजारी बसली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो चिडलाय असं तिला वाटलं, आणि त्याचा हक्कच होता. काकांनी वॉशिंग्टनचा आलेख मोठा केला.

"मला रोज संध्याकाळी विचारायचे," राजेश अगदी हळू म्हणाला, पडद्याकडे बघत. "तुझ्या ऑफिसजवळ पेट्रोल काय भावाने. मी कधी वर मान करून बोर्ड बघितलाय?"

"मग काय सांगायचास?"

"तीन-वीस. तीन-तीस. जे तोंडात येईल ते. आज सकाळी तुला खोकं दिलं ना, त्याच्या आधी मी जर्सीची वही चाळली. मग पेट्रोलची शोधली. असणारच ती. सगळं बेसमेंट उलथंपालथं केलं मी. नाही सापडली."

पुढे काका काहीतरी विनोद करत होते आणि लोक हसत होते. नेत्राने दादाच्या हातावर हात ठेवला.

"संध्याकाळी परत बघू," ती म्हणाली. "दोघं मिळून."