लखलखीत काच

साईनाथने मोजपात्र पुन्हा हलवून टेबलावर ठेवलं आणि घड्याळाकडे पाहिलं. एरवी दोन मिनिटांत तेल वर, पाणी खाली, मध्ये स्वच्छ रेघ. आज दहा मिनिटं झाली तरी आत नुसतं ताक.

डोंबिवली एमआयडीसीतल्या या छोट्या कारखान्यात सर्किट बोर्डवाल्यांचं टाकाऊ पाणी येई. ते एका खास तेलात घुसळलं, की पाण्यातलं तांबं तेलात उतरे आणि पुढच्या टाकीत दोन्ही वेगळी होत. दसऱ्यानंतर मात्र ती वेगळी व्हायलाच तयार नव्हती. मालक केदारसाहेब घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. पोहोचेपर्यंत चूक करणाऱ्याचं नाव त्यांना कागदावर हवं होतं.

साईनाथ टाकीपाशी गेला. वरच्या इंग्रजी पाटीला पूजेचा झेंडू अजून लटकत होता. टाकीची काच आतूनसुद्धा लखलखत होती, आणि तिच्या कडेला भांड्यांच्या साबणाचा हिरवा कण चिकटला होता.

"मीच घासली, सर," मागून मीराबाई म्हणाली. "दुरुस्तीला टाकी रिकामी केलेली ना. म्हटलं, पूजेला काच काळी बरी नाही दिसत."

मीराबाई बारा वर्षं इथे कंत्राटावर झाडलोट करत होती. याच महिन्यात ती कायम व्हायची होती.

साईनाथला राग यायला हवा होता. आली ती लाज. साबणाचा अंशही गेला तर तेल-पाणी वेगळं होत नाही, हे त्याने एकूण एक ऑपरेटरला बजावलं होतं. बाईंना सांगावं असं कधी त्याच्या मनातही आलं नव्हतं. कागदावर 'जबाबदार' या शब्दापुढे त्याने स्वतःचं नाव लिहिलं.

केदारसाहेबांनी टाकीपाशी उभ्यानेच ते वाचलं.

"आणि साबण लावला कुणी?"

"ज्यांना मी सांगितलं नव्हतं, त्यांनी."

मीराबाईने हातातली बादली खाली ठेवली. "मी लावला, साहेब."

केदारसाहेबांचा आवाज चढला. साबण वापरू नये अशी पाटी त्यांनी स्वतः लावून घेतली होती, ती काय शोभेला? त्यांनी बोट वर केलं, आणि झेंडूकडे पाहून ते थांबले.

"बाई, यावर काय लिहिलंय, माहीत आहे?"

"तुमचं नाव असेल ना," मीराबाई म्हणाली. "म्हणून तर दर दसऱ्याला पहिला हार मी तिलाच घालते."

केदारसाहेबांनी कागद टेबलावर ठेवला आणि साईनाथच्या नावाखाली आपलंही लिहायला त्याच्याकडे पेन मागितलं.