पोशीचं मुसळ आणि तीस दिवसांचा नेम

मित्रांनो, मी एक जुनं मुसळ आहे. खैराच्या लाकडाचं, छातीभर उंच, बुडाला लोखंडी कडं असलेलं. माझ्या नावानं म्हणी पुष्कळ आहेत, पण एकीतही माझं कौतुक नाही. कुणाचं काम फसलं की 'मुसळ केरात', आणि स्वतःचा दोष दिसेनासा झाला की 'डोळ्यातलं मुसळ'. मी आजवर कुणाच्याही डोळ्यात गेलेलो नाही. मी उखळात गेलो आणि माणसांची पोटं भरली. तेवढं तरी लक्षात ठेवा, आणि मग माझी गोष्ट ऐका.

जव्हारच्या पठाराखाली ओढ्याकाठी दहा-बारा कुडाच्या घरांचा एक पाडा आहे. तिथल्या लाडक्यानं मला घडवलं. तेव्हा जव्हारात राजेसाहेबांचं राज्य होतं. लाडक्याचं नवं लग्न झालं होतं. त्यानं जंगलच्या शिपायाला विचारून खैराची फांदी आणली, चार दिवस तासली आणि मधोमध बायकोच्या मुठीएवढी बारीक केली. बायकोचं नाव पोशी. मूठ जमते का ते पाहायला त्यानं तिला इतक्या वेळा बोलावलं, की त्याची आई गोदी म्हणाली, "मुसळ करतोस का बायकोचा हात धरतोस?"

पुढं मी पोशीच्या हातात भात कांडलं, नाचणी कांडली, वरई सडली, लग्नांची हळद कुटली. तिच्या कांडण्याचा ठेका ओढ्यापलीकडच्या बायकासुद्धा ओळखायच्या. त्या म्हणायच्या, "पोशी हलकी हाय, पण मुसळ सरळ पडतं." सरळ पडतो तो मी. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे.

एका वर्षी आषाढातच कणगीचा तळ दिसायला लागला. लवकर पिकणारी हळवी नाचणी हाताशी यायलाही भादव्याचा शेवट उजाडणार होता. मधले दोन महिने काय खायचं? लाडक्याकडे विकण्यासारखं एकच होतं, जोडीतला तांब्या बैल. पलीकडच्या पाड्यातला फागू येऊन त्याचे दात बघून गेला. "श्रावण सरला का येतो," म्हणाला. एक बैल गेला की दुसरा दावणीला नुसता उभा राहणार आणि पुढच्या वर्षी शेत पडीक, हे तिघांनाही कळत होतं.

अशात पोशीच्या कानावर आलं, की जव्हारात चंपाकाकूंना कांडपीण हवी आहे. चंपाकाकू म्हणजे दरबारचे कारकून दामोदरपंत यांच्या आई. विधवा बाई, सोवळं कडक आणि जीभ त्याहून कडक. श्रावणभर त्यांच्याकडे रोज नैवेद्याचा ताजा कांडलेला तांदूळ लागायचा. पोशी मला खांद्यावर टाकून चढण चढली आणि त्यांच्या अंगणात उभी राहिली.

काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कणी तुझी, कोंडा तुझा, आणि आठवड्याला दोन पायल्या भात. पण माझ्या देवाचा तांदूळ मासळी खाल्लेल्या हातानं कांडायचा नाही. तीस दिवस मासळी नाही, मटण नाही, अंडं नाही."

"नाय खाणार, काकू."

"तू एकटीनं नाही. चूल एक, भांडी एक. सगळ्या घरानं."

पोशीनं बोटांवर घरची माणसं मोजली. मग म्हणाली, "सगळं घर नाय खाणार."

काकू हसल्या. "महिना राहू दे, चार दिवस काढून दाखव."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल यात काय मोठंसं? पण आमच्याकडे श्रावणात धान्य महाग आणि मासळी फुकट. खाचरात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पायाखाली येतात, ओढ्यात मासे हातानं धरता येतात. फुकटचं सोडायचं आणि कणगी रिकामी, असा तो नेम होता.

घरी गोदीनं कपाळाला हात लावला. "मासा सोडला तं पानात काय राहलं? पाणी?"

"पाणी, आणि तांब्या," पोशी म्हणाली.

लाडक्या म्हणाला, "व्हय तर मग. सोडला मासा."

सोडला म्हणाला, पण हाताची सवय सुटेना. पहिल्याच दिवशी खाचरातून येताना त्यानं नकळत दोन चिंबोऱ्या धरून आणल्या. दारात आल्यावर त्याला आठवण झाली. बिचारा तसाच मागं फिरला आणि त्यांना ओढ्यात सोडून आला. एकीनं जाताना त्याचा अंगठा चावला. गोदी दिवसभर हसत होती.

पोशीनं मात्र कमाल केली. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. कांडपाच्या कोंड्यात मूठभर नाचणी घालून ती भाकरी थापायची. कणीची पेज व्हायची. आणि भाजी? भाजीला तिनं सगळं रान चुलीवर आणलं. कधी टाकळा, कधी कुर्डू, कधी लोत, कधी चिंच घालून आंबट केलेलं अळू. बांबूचे कोवळे कोंब, काटेरी करटोली, भोपळ्याची फुलं. तेल मोहाच्या बियांचं, तेही चमचाभर. काकू रोज सकाळी दरडावून विचारायच्या, "काल काय शिजलं?" आणि पोशी सांगायची. चौथ्या दिवशी काकूंनी उत्तर ऐकून हुं केलं. त्या हुंकारात पहिल्या दिवसाइतका संशय नव्हता.

पाचवा दिवस नागपंचमीचा. त्या दिवशी जव्हारात कुणी चिरत नाही, तळत नाही, कांडत नाही; पाड्यात ते बंधन नाही. म्हणून काकूंनी पोशीला सुट्टी दिली. पोशी मला घरी ठेवून खाचरावर लावणीला गेली. सून चिखलात राबतेय, तिला चार घास चवीचे करावेत, असं गोदीच्या मनात आलं. तिनं लाल मिरच्या भाजल्या, मीठ घेतलं, आढ्याला टांगलेली एक पुरचुंडी सोडली आणि सगळं उखळात घालून मला उचललं. मला ओरडावंसं वाटत होतं. लाकडाला ओरडता येत नाही.

दुपारी तिघं जेवायला बसली. लाडक्यानं दोन भाकऱ्या चटणीशी चापल्या. गोदीनंही खाल्ली. पोशीनं घास तोंडाजवळ नेला आणि तिथंच धरला.

"आई, हे काय?"

"चटणी."

"यात सुकट हाय."

"हाय की. सुकटीबिगर चटणी व्हते का?"

"आई, आपला नेम!"

गोदी खरंच चकित झाली. "अगं, नेम मासळीचा. मासळी ओली असते. सुकट तं मसाला हाय, मिठावाणी!"

लाडक्यानंही तोंडातला घास चावत मान हलवली. मित्रांनो, त्यांना हसू नका. आमच्या पाड्यात ओल्या मासळीचं जेवण व्हायचं आणि सुकी कोळंबी चटणीत पडायची. तिला कुणी मासळीत धरतच नसे. गोदी खोटं बोलत नव्हती. पण काकूंच्या देवापुढं ही समजूत टिकणार नव्हती, हे पोशीला लगेच कळलं.

तिनं घास खाली ठेवला. मला ओढ्यावर नेलं, राखेनं घासलं, कडकडीत पाण्यानं धुतलं, परत घासलं. गोदी मागोमाग आली. तिचा चेहरा उतरला होता. "पोशे, वास गेला. आता कोणाला कळतंय? नको सांगूस. तांब्या जाईल."

पोशीनं मला उचललं आणि ती घराकडे वळली. माझ्या अंगाला खरोखर वास राहिला नव्हता. ती सांगणार नाही, असंच मला वाटलं. मी तिच्या जागी असतो तर सांगितलं नसतं, हे आज कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी काकूंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काल काय शिजलं?"

"कुर्डूची भाजी. आणि चटणी." पोशीनं मला भिंतीला टेकवलं आणि चार पावलं मागं सरकली. "चटणीत सुकट व्हती, काकू. सासूनं चुकून घातली. घरच्यांनी खाल्ली, मी नाय. पण याच मुसळानं कांडली."

दामोदरपंत कचेरीला निघाले होते, ते पायरीवरच थांबले. मला वाटलं, झालं, आता खरोखरच मुसळ केरात.

"मला कळलं नसतं," काकू म्हणाल्या.

"नसतं कळलं."

"मग सांगितलंस कशाला?"

"तांदूळ देवाचा हाय, काकू. आणि शब्द माझा." पोशी पुढं म्हणाली, "झाले ते पाच दिवस गेले. आजपासून परत तीस मोजा."

"श्रावणात तेवढे दिवस उरले नाहीत."

"मग भादव्यातले पाच घ्या."

काकूंनी मान डोलावली. मग त्यांनी मला गोमूत्रानं धुवायला लावलं, शेण चोपडलं, दोन दिवस उन्हात उभं केलं. पाऊस आला की आत, ऊन पडलं की बाहेर. तोवर पोशीनं काकूंच्या घरच्या जड मुसळानं कांडलं. तिसऱ्या दिवशी काकू स्वतः म्हणाल्या, "घे तुझं मुसळ. त्या दुसऱ्यानं कणी फार होते."

मित्रांनो, कणी फार झाली तर फायदा पोशीचाच होता. तरी तिनं मलाच घेतलं.

त्यानंतर घरात नेमाची खरी राखणदार झाली गोदी. आढ्याची पुरचुंडी तिनं शेजारी देऊन टाकली. लाडक्या ओढ्याकडे नुसता बघत उभा राहिला, तरी ती हाक मारायची. "चूक मी केली, पोट मी बांधते," म्हणायची, आणि सगळ्यांत आधी रानात भाजीला जायची. साठ वर्षांच्या त्या बाईला अशा अशा भाज्या ठाऊक होत्या, की पोशीनंही त्या कधी खाल्ल्या नव्हत्या.

श्रावण सरला. दुसऱ्याच दिवशी पाड्यात घरोघरी चिंबोऱ्यांचा रस्सा उकळायला लागला. वास सगळ्या घरात शिरला. लाडक्या नाक धरून गोठ्यात जाऊन बसला. त्याच दिवशी फागू दावं घेऊन आला. पोशीनं त्याला घरातली कणगी दाखवली. कणी होती, भात होतं, नाचणी येईपर्यंत सहज पुरेल इतकं. फागू रिकामं दावं खांद्यावर टाकून परत गेला. लाडक्या तांब्याच्या गळ्यात हात टाकून उभा राहिला आणि तिथंच रडला. तो आनंदानं रडला, हे मी छातीठोक सांगतो.

पोशीचे पाच दिवस अजून होते. काकू म्हणाल्या, "पुरे आता, मोकळी झालीस." पण पोशी ऐकेना. गणपतीच्या मोदकांचा तांदूळही तिनं नेमातच कांडला.

तिसावा दिवस आला तो ऋषिपंचमीचा. त्या दिवशी काकूंसारख्या बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगराविना, आपोआप उगवलेलंच त्यांना चालतं. काकूंनी पोशीलाच भाज्या आणायला सांगितल्या होत्या. कांडण नव्हतं, तरी पोशीनं मलाही नेलं. म्हणाली, "शेवटचा दिवस यानं बी बघू दे."

काकू टोपलीतलं पान न् पान उलटून बघायला लागल्या. "हे नांगरलेल्या रानातलं नाही ना? बैलाचा पाय लागलेला नको."

पोशीला एकदम हसू फुटलं. हसता हसता ती पडवीच्या कडेला बसलीच. "काकू, बैल विकायला लागू नये म्हणून तं महिनाभर आमी हेच खाल्लं!"

"बैल? कुठला बैल?"

मग पोशीनं तांब्याची हकीकत सांगितली. काकूंच्या हातातलं अळूचं पान तसंच राहिलं.

"इतके दिवस बोलली नाहीस?"

"तुमी रोज इचारलंत, काय शिजलं. तेवढंच सांगत गेले."

काकू उठून आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. पण आतून फोडणीचा आवाज आला. दुपारी त्या पडवीच्या दारापर्यंत आल्या आणि पोशीपुढं केळीचं पान मांडलं. त्यावर तिनंच आणलेल्या भाज्यांची मिसळ होती. स्वतःचं पान त्यांनी आत उंबऱ्याशी मांडलं, पण हात लावला नाही.

"आधी तू जेव," त्या म्हणाल्या. "मी एका दिवसाची, तू तीस दिवसांची. तुझा नेम मोठा."

पोशीनं घास घेतला. सगळं घर तिच्याकडे बघत होतं. तिनं नीट चावला, गिळला आणि म्हणाली, "काकू, मीठ कमी हाय."

दामोदरपंत खो खो हसले. चंपाकाकू मुकाट्यानं मीठ आणायला वळल्या. त्या घरात काकूंचं मीठ कमी आहे असं त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लाडक्यानं टोपलीभर चिंबोऱ्या आणल्या आणि घरानं ताव मारला, हेही सांगतो. नेम महिन्याचा होता, महिनाच पाळला.

मित्रांनो, त्याला आता खूप वर्षं झाली. गिरणी आली, उखळ गेलं, पोशी गेली. तिची नातवंडं-पतवंडं मला कोपऱ्यात ठेवून विसरतात. माझं मागणं फार नाही. वर्षातून एकदा मला उन्हात काढा, वाळवी झटका, तेलाचा हात फिरवा. आणि तुमच्या दारात राबायला येणारीला कधी विचारलंत की घरी काय शिजलं, तर तिथंच थांबू नका. तेच का शिजलं, हेही विचारा.